जनरल डब्यातला टाळ

माऊलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाज आरतीची वेळ झाली की दिंड्या पालखीभोवती येऊन उभ्या राहतात. हजारो टाळ एका ठेक्यात वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंच धरतात, ‘हो’ असा पुकारा देतात आणि एवढ्या मोठ्या तळावर क्षणात शांतता पसरते. अशा वेळी कधी एखाद्याच दिंडीचे टाळ वाजत राहतात. त्या दिंडीला गाऱ्हाणे मांडायचे आहे हे सगळ्यांना कळते. चोपदार आवाजाच्या दिशेने चालत जातात, उभ्या उभ्या ऐकून घेतात आणि तिथल्या तिथे निवाडा करतात. तिचे टाळ थांबल्याशिवाय आरती सुरू होत नाही. काय हरवले, काय सापडले याची वर्दीही त्याच वेळी दिली जाते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. त्या शिस्तीतली ही रीत मला सगळ्यात मोलाची वाटते.

गाऱ्हाणे असणाऱ्याला चोपदारांना शोधत जावे लागत नाही. ‘आमचे दुखते आहे’ एवढेच आवाजाने कळवायचे. ते कुठे दुखते आहे हे शोधायचे काम ऐकणाऱ्याचे. रेल्वेतल्या मदतीचा विचार करताना ही रीत माझ्या डोक्यातून जात नाही.

आळंदीला रेल्वे स्टेशन नाही. पुणे–नाशिक रेल्वेच्या एका आराखड्यात आळंदी आणि चाकण ही स्थानके होती, पण खोडदच्या महादुर्बिणीला त्या मार्गाची बाधा होईल म्हणून तो मागे पडला. तरीही आमचे गाव रेल्वेवर चालते. कार्तिकीला मराठवाड्यातली माणसे पनवेल–नांदेडसारख्या गाड्यांनी येतात, विदर्भातली महाराष्ट्र एक्स्प्रेसने. पुणे स्टेशनवर उतरायचे, वळकटी डोक्यावर घ्यायची आणि पीएमपीची बस धरायची. दुसरीकडे मोशी, चिंबळी, कुरुळीच्या खोल्यांतून राहणारे चाकणच्या कारखान्यांतले कामगार दिवाळी-छठला दानापूरची गाडी गाठायला त्याच स्टेशनकडे निघतात. दोघांच्या गाड्या वेगळ्या, भाषा वेगळ्या, डबा मात्र एकच: जनरल.

माझे घर प्रदक्षिणा रस्त्यापासून जवळ आहे. कार्तिकीला आमच्याकडे पंचवीस-तीस माणसे उतरतात. काही वर्षांपूर्वी एकादशीच्या दोन दिवस आधी, रात्री साडेदहाच्या सुमारास फोन वाजला. दरवर्षी आमच्याकडे उतरणाऱ्या, परभणीकडच्या एका मावशींचा. फोन त्यांचा नव्हता, शेजारी उभ्या असलेल्या पोराचा होता. काकांच्या छातीत कळ आली होती, घाम सुटला होता आणि डब्यात त्यांना आडवे करायलाही जागा नव्हती. मी दुसऱ्या फोनवरून मदतीचा क्रमांक लावला. पलीकडचा माणूस नीट बोलला, मराठीत बोलला आणि त्याने विचारलेले प्रश्नही रास्त होते. गाडी कोणती? पीएनआर किती? डबा कोणता, जागा कितवी?

तिकीट दिंडीप्रमुखांच्या खिशात होते आणि दिंडीप्रमुख दुसऱ्या डब्यात. डब्याचा नंबर मावशींना ठाऊक नव्हता. इंजिनाकडून की मागून, तेही सांगता येईना, कारण अंधारात ढकलाढकलीत जिथे दार उघडे दिसले तिथे त्या चढल्या होत्या. आता कोणते स्टेशन येईल, असे विचारले तर खिडकीपर्यंत पोहोचायचीच सोय नव्हती. त्या फक्त म्हणत होत्या, “दादा, आम्ही गाडीतच हाओत की.” गाडीत असणे हा त्यांचा पत्ता होता आणि तो पुरत नव्हता.

शेवटी पुढच्या जंक्शनवर दारातल्या पोरांनी आरडाओरडा केला. लाल डगल्यातला एक हमाल धावत आला. त्याने काकांना खाली उतरवून घेतले, आपल्या हातगाडीवर निजवले आणि प्लॅटफॉर्मच्या मध्यावर असलेल्या कार्यालयापर्यंत ती गाडी ढकलत नेली. काका वाचले, अजून वारीला येतात. त्या हमालाचे नाव कुणीच विचारून घेतले नाही. त्या रात्री चोपदार तो होता. टाळ वाजला, त्या बाजूला तो गेला.

फोनवरच्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या हाती दिलेली व्यवस्थाच अशी आहे की तिला आधी माणसाचा आकडा लागतो, मग माणूस दिसतो. मदत पोहोचवायची तर ठिकाण कळायला हवे, हे मलाही मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की ठिकाण शोधायचे काम कुणाचे? ज्याच्या छातीत कळ आली आहे त्याचे, की ज्याच्याकडे गाडीचा नकाशा, वेळापत्रक आणि प्रत्येक स्टेशनवर माणूस आहे त्याचे?

रेल्वेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेगावजवळून जाणाऱ्या गाडीत एका तरुणीला सहप्रवाशाचा त्रास होत होता. तिने ट्विटरवरून थेट रेल्वेमंत्र्यांना, म्हणजे सुरेश प्रभूंना, साद घातली आणि भुसावळ येईपर्यंत रेल्वेची माणसे तिच्यापर्यंत पोहोचली. त्या काळात अशा बातम्या वाचून पहिल्यांदाच वाटले की धावत्या गाडीतून कुणाला तरी हाक मारता येते. २०१८ मध्ये ‘रेल मदद’ हे ॲप आले. पूर्वी तक्रारीला १३८, सुरक्षेला १८२, चौकशीला १३९ असे वेगवेगळे नंबर होते, ते एकत्र करून एप्रिल २०२१ पासून १३९ हा एकच नंबर उरला. तो साध्या बटणांच्या फोनवरूनही लागतो, बारा भाषांत बोलतो आणि लागल्यावर १ दाबले की सुरक्षा किंवा वैद्यकीय मदतीसाठी माणूस मिळतो. ट्विटरच्या काळात खाते हवे होते, लिहिता यायला हवे होते. आता बोलता आले तरी पुरते. ही प्रगती खरी आहे.

पण ती आरक्षित डब्यापाशी येऊन थांबते. तुमच्याकडे पीएनआर असेल तर गाडी, डबा, बर्थ, चढण्याचे आणि उतरण्याचे स्टेशन हे सारे त्या दहा आकड्यांत असते. जनरल तिकिटावरही एक यूटीएस क्रमांक छापलेला असतो आणि तक्रारीसाठी तो चालतो. मात्र त्यातून कळते ते इतकेच की हा माणूस परभणीहून पुण्याला निघाला आहे. कोणत्या गाडीने, कोणत्या डब्यातून, हे त्या तिकिटाला माहीत नसते, कारण ते तिकीट गाडीचे नसून अंतराचे असते. दहा-वीस माणसांच्या दिंडीत तेही एकाच्याच खिशात. कामगारांची आणखी वेगळी अडचण. आरक्षण मिळाले तरी ते नाक्यावरच्या एजंटाने काढलेले असते आणि गाडी रद्द झाल्याचा निरोप एजंटाच्या फोनवर जातो. ज्याला प्लॅटफॉर्मवर रात्र काढायची आहे, त्याला काही कळत नाही.

आता गाडीची रचना पाहा. वातानुकूलित डब्यात अंथरूण-पांघरूण देणारा मदतनीस असतो, तिकीट तपासनीस फेऱ्या मारतो, खानपानाची माणसे दर अर्ध्या तासाला जातात. म्हणजे तिथे फोन न करताही कुणाला तरी सांगता येते. जनरल डब्यात यांपैकी कुणी येत नाही, येऊही शकत नाही. अनेक गाड्यांत त्या डब्यातून पलीकडे जायची वाटही बंद असते. हे डबे बहुधा गाडीच्या दोन टोकांना. स्टेशन मास्तरांचे कार्यालय, पोलिसांची चौकी, प्रथमोपचाराची पेटी, सारे प्लॅटफॉर्मच्या मध्याच्या आसपास. गाडी दोन मिनिटे थांबली तर मागच्या जनरल डब्यातून तिथवर धावत जाऊन परत येणे तरण्याताठ्यालाही जमत नाही. जिथे माणसे सर्वांत जास्त आणि दाटीने, तिथे मदत सर्वांत लांब.

याची किंमत काय असते, ते जळगाव जिल्ह्याने पाहिले आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात आग लागल्याची ओरड झाली. पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ कुणीतरी साखळी ओढली. गाडी थांबली, माणसे जिवाच्या भीतीने भराभर खाली उतरली आणि शेजारच्या रुळावर आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. किमान १२ प्रवासी गेले. आग नव्हतीच.

त्या दिवशी लोकांनी अफवेवर विश्वास ठेवला, असे सांगून आपण मोकळे झालो. मला तसे मोकळे होता येत नाही. त्या डब्यातल्या माणसाला खरे काय ते सांगणारा दुसरा कुठला आवाज होता? वरून घोषणा ऐकू येण्याची सोय नाही. गार्डला विचारावे तर त्याच्याशी बोलायचे साधन नाही. डब्यातून गाडी चालवणाऱ्यांपर्यंत पोहोचणारी एकच वस्तू, ती साखळी. रेल्वे कायद्याच्या कलम १४१ नुसार ती विनाकारण ओढली तर एक वर्षापर्यंतचा तुरुंगवास किंवा हजार रुपयांपर्यंतचा दंड. आणि सकारण ओढली तरी ती गाडी थांबवते, बोलत नाही. का ओढली हे पुढे कळत नाही आणि ‘घाबरू नका, आत बसून राहा’ हे मागे येत नाही. एकाच बाजूने चालणारा दोर आहे तो. कितीही तत्पर असला तरी १३९ चा फोन तेवढ्या वेळात पुरा पडला नसता. त्या माणसांना तक्रार नोंदवायची नव्हती. त्यांना फक्त कुणीतरी खरे सांगायला हवे होते.

आपला कायदा या बाबतीत व्यवस्थेच्या पुढे आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे गाडीतून पडून किंवा अशा अघटितात प्रवासी दगावला तर कुणाची चूक हे न पाहता भरपाई द्यावी लागते. जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती आठ लाख रुपये आहे. मे २०१८ मध्ये रीना देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जखमी किंवा मृत माणसाजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे म्हणता येणार नाही. कुटुंबाने शपथेवर सांगितले की मग पुराव्याचा भार रेल्वेवर जातो. आणखी एक कलम मला फार माणुसकीचे वाटते आणि योगायोगाने तेही १३९ वेच आहे. सोबत पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला, तिकीट नसले तरी, रात्री गाडीतून उतरवता येत नाही. उतरवायचेच तर दिवसा, आणि तेही ती जिथे चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे ठिकाण यांपैकी कुठेतरी. हे लिहिणाऱ्याने अंधारातल्या आडस्टेशनावर उभी असलेली बाई डोळ्यांपुढे आणली असणार. मेलेल्या माणसाला तिकिटावाचून प्रवासी मानणारा कायदा आपल्याकडे आहे. जिवंत माणसाला तिकिटाच्या आकड्यावाचून चटकन शोधणारी व्यवस्था अजून नाही.

विम्याचेही तसेच. २०१६ पासून ऑनलाइन आरक्षण करणाऱ्याला पन्नास पैशांच्या आसपास दहा लाखांचा अपघात विमा मिळतो. खिडकीवर रांगेत उभे राहून जनरल तिकीट काढणाऱ्याला ते पन्नास पैसे भरायची इच्छा असली तरी सोय नाही.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा: जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त सेवा, यात गैर काय? गादी, चादर, गार हवा, जेवण यांच्याबद्दल मी हा युक्तिवाद मान्य करतो. पण छातीत कळ आलेल्याला उतरवून घेणे ही गादीसारखी सेवा नाही. भाड्याच्या फरकात जागेची किंमत मोजलेली असते, जिवाची नव्हे. दुसरा प्रतिवाद जास्त वजनाचा आहे. शंभर माणसांच्या डब्यात दोनशे-अडीचशे असतात, तिथे कर्मचारी शिरणार कसा? धावत्या गाडीत नाही शिरणार, हे खरे. म्हणूनच मदतीची जागा डब्याच्या आत न शोधता पुढच्या प्लॅटफॉर्मवर, बरोबर त्या दारासमोर शोधली पाहिजे. त्यासाठी लागते ती माहिती: कुठला डबा, कुठले स्टेशन. ती प्रवाशाच्या तोंडून सहज निघेल अशी सोय करणे अजिबात अवघड नाही.

प्रत्येक डब्याच्या बाहेरच्या अंगावर पाच-सहा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. त्याचे पहिले दोन आकडे डबा कोणत्या साली बांधला ते सांगतात. तो क्रमांक म्हणजे त्या डब्याची ओळख. तोच आतून, दोन्ही दारांशेजारी आणि मध्यभागी, उभ्या माणसालाही गर्दीच्या डोक्यांवरून दिसेल एवढ्या अक्षरांत लिहा आणि शेजारी १३९ लिहा. मग मावशींना फक्त भिंतीकडे बघायचे राहील. वाचता येत नसेल तर शेजारचे पोर वाचेल. आकडा सांगितला की गाडी, तिची दिशा आणि पुढचे स्टेशन हे शोधायचे काम रेल्वेच्या संगणकाचे. रेल्वेकडे प्रत्येक डब्याची नोंद असतेच.

बोलण्याच्या सोयीचेही तंत्र आपल्याकडे आहे. वंदे भारतच्या डब्यांत बटण दाबून गाडीच्या कर्मचाऱ्यांशी थेट बोलता येते. सामान्य माणसासाठी काढलेल्या, वातानुकूलित नसलेल्या अमृत भारत गाड्यांच्या नव्या डब्यांतही तशी सोय केली आहे. म्हणजे बिनएसीच्या डब्यात हे बसत नाही, असे आता कुणी म्हणू शकत नाही. ती सोय जुन्या गाड्यांच्या जनरल डब्यांत आधी बसवावी, आरक्षित डब्यांत नंतर. आरक्षित डब्यातल्या माणसाजवळ आधीच कुणीतरी आहे. बहुतेक गाड्यांत मागचा जनरल डबा गार्डच्या डब्याला जवळजवळ लागून असतो. आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्याच्यापाशी वॉकीटॉकी असते, प्रथमोपचाराची पेटी असते. गाडीतला सर्वांत जवळचा मदतगार भिंतीपलीकडे बसलेला आहे आणि डब्याला ते माहीत नाही.

खालच्या डब्यापासून सुधारणा सुरू करता येते, हे रेल्वेला नवे नाही. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावाने गेला, पण दुसऱ्या वर्गातली माणसे लाकडी फळ्यांवरच झोपत होती. आपल्या कोकणातून निवडून गेलेले मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्या फळ्यांवर दोन इंचांची फोमची गादी आली. आज ती कुणाला सवलत वाटत नाही, साधी गोष्ट वाटते. ग्राहक पंचायतीची चळवळही इथलीच, पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी उभी केलेली. पैसे मोजणारा कितीही लहान असला तरी त्याला विचारण्याचा हक्क आहे, हे तिने आपल्याला शिकवले. पण ग्राहक म्हणून दाद मागायची ती सगळे होऊन गेल्यावर, कागद जपून ठेवून, तारखांना जाऊन. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीला झालेल्या उशिराबद्दल एका प्रवाशाला तीस हजारांची भरपाई मान्य केली तीही अशीच, वर्षांनंतर. रात्री साडेदहाला डब्यात उभ्या असलेल्या मावशींना त्या वेळी भरपाई नको असते.

हे सगळे होईपर्यंत निदान दिंडीप्रमुखांनी आणि कामगारांच्या मुकादमांनी काही गोष्टी कराव्यात असे मला कळकळीने वाटते. तिकिटाचा फोटो प्रत्येकाच्या, निदान प्रत्येक डब्यातल्या एकाच्या फोनमध्ये असू द्या. चढायच्या आधी डब्याचा बाहेरचा क्रमांक हातावर पेनाने लिहून घ्या. १३९ ला सांगताना गाडीचे नाव, नुकतेच गेलेले स्टेशन आणि आपण इंजिनाकडे आहोत की मागे, हे आधी सांगा. चोरी झाली तर प्रवास मोडून उतरायची गरज नाही. तपासनीस, गार्ड किंवा गाडीतले सुरक्षा दलाचे जवान यांच्याकडे लेखी फिर्याद देता येते आणि ती लोहमार्ग पोलिसांकडे जाते. आणि परताव्यासाठी इंटरनेटवर शोधून सापडलेल्या कोणत्याही ‘कस्टमर केअर’ नंबरला फोन करू नका. त्यातले कितीतरी नंबर लुबाडणाऱ्यांचे असतात.

पण हे सांगताना मला बरे वाटत नाही, कारण पुन्हा एकदा ओझे मी मावशींच्याच डोक्यावर ठेवतो आहे. म्हणून रेल्वेच्या पुणे विभागाला माझी एक मर्यादित, करता येण्यासारखी विनंती आहे. साऱ्या देशाचे नंतर बघू. येत्या कार्तिकीच्या आधी मराठवाड्यातून आणि विदर्भातून पुण्याला येणाऱ्या गाड्यांच्या जनरल डब्यांत आतून डब्याचा क्रमांक आणि १३९ रंगवा, मराठीत आणि हिंदीत. एकादशीच्या आधीचे तीन दिवस दौंडला आणि पुण्याला, जनरल डबे जिथे थांबतात त्या प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांना स्ट्रेचर घेऊन दोन-दोन माणसे उभी करा. रंग, कुंचला आणि आठ माणसे एवढाच याचा खर्च आहे.

मावशी आणि काका यंदाही येणार आहेत. जनरल डब्यानेच.